टाकीपाशी कुणी राहत नाही

आमच्या खोलीत सहा फोन, तीन खुर्च्या आणि एकच खिडकी आहे. कुणाच्या छातीत दुखलं, कुणी जिन्यावरून पडलं, कुणाला कळा सुरू झाल्या, की फोन आमच्याकडे येतो आणि आम्ही अँब्युलन्स पाठवतो. मी त्या खुर्चीत सतरा वर्षं बसते आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, "हिला फोन उचलायचा पगार मिळतो, म्हणून घरातला फुकटचा फोन ही उचलत नाही." खरंच नाही उचलत. कामावरचा प्रत्येक फोन मात्र मी मनात देवाचं नाव घेऊन उचलते. मोठ्याने घ्यायला वेळ नसतो.

शहरात गाड्या सहा होत्या. सातवी मंजूर झाली आणि ती कुठे उभी करायची यावर भांडण लागलं. प्रत्येक भागाच्या प्रतिनिधीला ती आपल्याच दारात हवी होती. शेवटी वरच्या समितीने ठरवलं की आकडे बघून काय ते करू, आणि आकडे बघायला म्हणून बाहेरून एका बाईला आणलं. अकरा महिन्यांचा करार होता. काम पसंत पडलं तर पुढे कायम करू, असं तोंडी सांगितलेलं.

चाळिशीची, शिडशिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. पहिल्या दिवशी तिने कोपऱ्यातल्या भिंतीवर शहराचा दाराएवढा मोठा नकाशा लावला आणि पिशवीतून टाचण्यांचा पत्र्याचा डबा काढला. डबा तिच्या वडिलांचा. ते शिंपी होते. वर्षभरातला एकेक फोन म्हणजे एकेक टाचणी, असं तिचं चाललं होतं. कॉम्प्युटरवर सगळं होतंच, पण ती म्हणायची, "समितीतली माणसं पडद्याकडे बघून मान डोलावतात. टाचण्यांकडे बघून प्रश्न विचारतात."

आमच्या ड्रायव्हरमामांनी त्याच दिवशी तिचं नाव टाचणीबाई ठेवलं. मामा आमच्यातले सगळ्यांत जुने. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मिशा पांढऱ्या, आवाज हॉर्नसारखा. तिने ते नाव ऐकलं आणि म्हणाली, "चालेल. नुसतं बाई म्हणण्यापेक्षा बरं आहे. किती बायका आहेत इथे."

मला आधी वाटलं होतं, आकड्यांचं माणूस म्हणजे कोरडं असणार. पण टाचणी लावताना ती नोंद वाचायची आणि क्षणभर थांबायची. "ही एकवीस वर्षांची होती," असं काहीतरी पुटपुटायची आणि मग टाचणी टोचायची. साडेनऊ हजार टाचण्या तिने अशा लावल्या. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे, पण तो थांबण्याचा क्षण मला कानांनी कळायचा.

सहाव्या महिन्यात तिचा अहवाल तयार झाला. सातवी गाडी बाजार भागाला. कारण सरळ होतं. सगळ्यांत जास्त फोन बाजारातून येत होते. सगळ्यांत कमी येत होते टेकडीवरून. टेकडीवर नऊ हजार माणसं राहतात, सगळी वस्ती पायऱ्यांवर, गाडी वर जात नाही. वर्षभरात तिथून फोन एक्केचाळीस. आमचे साहेब हसून म्हणाले, "हवा चांगली आहे वरची. शिवाय पायऱ्या चढून चढून माणसं ठणठणीत." तिने अहवालात ते जरा नीट शब्दांत लिहिलं होतं, पण अर्थ तोच.

आणखी एक ओळ होती. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहे, रस्त्याच्या बाजाराकडच्या अंगाला. तिथे गाड्या आठ मिनिटांत पोहोचतात, पण पोहोचल्यावर इतर ठिकाणांपेक्षा दुप्पट वेळ उभ्या राहतात, ड्रायव्हरांच्या शिस्तीकडे लक्ष द्यावं, अशी.

ती ओळ मामांनी वाचली. गाडीच्या चाव्या टेबलावर ठेवल्या, मला म्हणाले, "ताई, आम्ही टाकीपाशी चहा पीत उभे असतो म्हणे," आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून ती खोलीत आली की मामा बाहेर जायचे.

मामा टेकडीवरच राहतात हे मला माहीत होतं. त्यांची बायकोही मला माहीत होती. माझी पाळी दोनची. घरून येताना वाटेत टाकी लागते. टाकीला भोवती कट्टा आहे, त्यावर रोज दुपारी मामी बसलेल्या असायच्या. मांडीवर भाजी घेऊन निवडत, शेजारी पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी. हृदय अशक्त झालेलं, दोनदा दवाखान्यात राहून आलेल्या. मी "काय मामी, वारं खायला का?" असं विचारायचे, त्या "हो ग, वरती कोंडतं," म्हणायच्या. दोन वर्षं आमचं एवढंच बोलणं. त्यांच्याबरोबर आणखी चारपाच म्हातारी माणसं असायची. मला वाटायचं, बरा आहे यांचा कट्टा जमतो.

अहवाल वर गेला. समितीची बैठक महिनाभराने होती. ती नकाशावर उरलेल्या टाचण्या लावत होती, बैठकीत न्यायला म्हणून. एका दुपारी भिंतीवरून काहीतरी खळकन पडलं. बघते तर नकाशाला भोक पडलेलं, खालचा गिलावा सुटलेला, आणि टाचण्यांचा ढीग जमिनीवर. एकाच जागी इतक्या टाचण्या टोचल्या गेल्या होत्या की कागद टिकला नव्हता.

ती खाली बसून गोळा करायला लागली. मीही बसले. ती म्हणाली, "ताई, ही टाकीची जागा. टाकीपाशी इमारत आहे का मोठी? वृद्धाश्रम वगैरे?"

"छे. टाकीपाशी कुणी राहत नाही. नुसती टाकी आहे."

"दुकानं? शाळा?"

"काही नाही हो. एक कट्टा आहे."

तिचा हात थांबला. "मग वर्षात तीनशे बारा माणसं तिथे आजारी कशी पडली?"

इतक्यात माझा फोन वाजला, मी उठले. टेकडीवरून होता. एका मुलीच्या आजोबांना चक्कर आली होती. मी नेहमीसारखं नाव विचारलं, वय विचारलं, श्वास चालू आहे का विचारलं आणि म्हणाले, "त्यांना खाली टाकीपर्यंत आणा, गाडी तिथे उभी राहील." मग पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, पाण्याची टाकी.

वळून बघितलं तर ती माझ्या मागे उभी होती. हातात मूठभर टाचण्या.

"हे वाक्य तुम्ही रोज म्हणता?"

"टेकडीचा फोन असला की. गाडी वर जात नाही ना. माणसं निघाली तर वेळ वाचतो. मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं."

"आणि पत्ता टाकीचा लिहिता."

"गाडी जिथे जायची तोच पत्ता लिहायचा असतो. ड्रायव्हरला घर नंबर देऊन काय करू, तो काय पायऱ्यांवरून गाडी नेणार?"

ती खुर्चीत बसली. मग एका कागदाच्या पाठीमागे लिहायला लागली, आणि मला दाखवत गेली, जसं एखादी मोठी बहीण धाकटीला गणित समजावते तसं. सगळ्या शहरात हजार माणसांमागे वर्षाला साधारण एकोणचाळीस फोन येतात. टेकडीवर माणसं नऊ हजार. म्हणजे फोन यायला हवेत साडेतीनशेच्या आसपास. आले एक्केचाळीस, नव्या मुलींनी घरचा पत्ता लिहिलेले तेवढे. म्हणजे तीनशेच्या वर माणसं हरवली. मग तिने त्या एक्केचाळिसाखाली टाकीचे तीनशे बारा, आजवर बाजाराच्या खात्यात मोजलेले, लिहिले आणि बेरीज केली. तीनशे त्रेपन्न.

मी मॅट्रिकपर्यंत गणितात कशीबशी पास झालेली बाई. बेरजेने माणूस सापडतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या तीनशे बारांतली कितीतरी माणसं मी माझ्या हाताने डोंगरावरून उचलून टाकीत टाकली होती, एकेक करून, चांगल्या मनाने. आणि ही बाई टेकडीवर एकदाही न जाता, कागदाच्या पाठीमागे, त्यांना त्यांच्या घरी परत नेत होती. देवाला प्रत्येक घर ठाऊक असतं असं मी मानते. हिला ठाऊक नव्हतं, तरी तिने शोधून काढलं. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात पडले नाही. फोन वाजत होता.

ती मात्र खूश नव्हती. म्हणाली, "माझे वडील गिऱ्हाइकाच्या जुन्या शर्टावरून कधी माप घेत नसत. जुन्या शर्टात ज्या चुका असतात त्याच नव्यात शिवल्या जातात म्हणायचे. माणसाला उभं करून माप घ्यायचे. मी पाच महिने शर्ट मोजत बसले, ताई."

मग ती मामांना शोधायला आवारात गेली. मी खिडकीतून बघत होते. मामा गाडीची काच पुसत होते आणि पुसतच राहिले. ती काहीतरी बोलली. मामांनी फडकं झटकलं.

त्यांचं बोलणं मला नंतर मामांकडूनच कळलं. ती म्हणाली, "टाकीपाशी तुम्ही कशासाठी उभे असता ते मी लिहिण्याआधी विचारायला हवं होतं."

मामा म्हणाले, "पेशंट यायची वाट बघत. आणखी कशाला? चार माणसं खुर्चीला बांधून आणतात, कधी चादरीत घालून आणतात. मी गाडीचं मागचं दार उघडून वर बघत उभा असतो. चहा प्यायला हात मोकळा कुठे असतो?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला कागदावर रकाना कुठे होता? गाडी पोहोचली की बटण दाबायचं. पेशंट पोहोचला, याचं बटण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मामांबरोबर टेकडी चढली. मग रोज, बारा दिवस. घड्याळ घेऊन. माझी सुट्टी होती त्या दिवशी मीही गेले. एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या, मध्ये तीन वळणं, एका ठिकाणी दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचं. तिने काय करावं? स्वतःच पेशंट झाली. लाकडी खुर्चीत बसायची, मामा आणि तीन शेजारी तिला उचलून खाली आणायचे, आणि ती मांडीवर घड्याळ धरून वेळ लिहायची. वेगवेगळ्या घरांपासून, वेगवेगळी माणसं लावून.

सातव्या खेपेला मामा धापा टाकत म्हणाले, "टाचणीबाई, नाव टाचणीचं आणि वजन बघा."

"वजनही लिहिलंय, मामा. टेकडीवरच्या पेशंटचं सरासरी यापेक्षा जास्त धरलंय."

"मग उद्यापासून साहेबांनाच बसवू."

सरासरी चौदा मिनिटं. अगदी वरच्या घरांपासून बावीस. गाडी आठ मिनिटांत येऊन उभी, कागदावर सगळं उत्तम, आणि माणूस अजून दुसऱ्या वळणावर चादरीत हेलकावतो आहे.

दुपारी शेवटची खेप उतरल्यावर मामा ड्युटीवर गेले आणि ती घाम पुसत कट्ट्यावर टेकली. मामी होत्याच, भाजी घेऊन. तिने सहज विचारलं, "तुम्ही रोज खाली येता? एवढ्या पायऱ्या, आणि तुम्हाला तर चढायची मनाई असेल."

मामी माझ्याकडे बघून जरा ओशाळल्या. "ताईंना मी वाऱ्याचं सांगते. खरं म्हणजे हे ड्युटीवर असले की मी इथे बसते. वर काही झालं तर आणणार कोण? इथे बसलं की गाडी येते. त्या पिशवीत माझे दवाखान्याचे कागद असतात. सगळ्यांच्याच पिशव्यांत असतात." आणि त्यांनी बाजूच्या म्हाताऱ्यांकडे हात केला. ते सगळे आमच्याकडे बघून हसले, जसं शाळेत चोरून चिंच खाताना पकडलेली मुलं हसतात.

दोन वर्षं मी त्यांना वारं खायला का म्हणून विचारत होते.

समितीच्या बैठकीला नऊ दिवस राहिले होते. ती साहेबांकडे गेली, म्हणाली अहवाल मागे घ्यायचा आहे. साहेब वाईट माणूस नाहीत, पण घाबरट आहेत. "अहो, वर गेलाय तो. बाजाराच्या प्रतिनिधींनी उद्घाटनाच्या फलकाची जागासुद्धा ठरवलीय. आता चुकला म्हणालात तर तुमचा करार वाढवायला मी कुठल्या तोंडाने सांगू? लाज जाईल."

"लाज माझी जाईल साहेब. तुमची नाही. सही माझी आहे."

बैठकीला तिने मला साक्षीला नेलं. लांबलचक टेबल, अकरा माणसं, मधोमध अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. तिने भोक पडलेला नकाशा तसाच नेला होता. भोकाला ठिगळ लावलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, न लपवता, पहिला अहवाल कुठे आणि कसा चुकला ते. ड्रायव्हरांवरची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "हे मी लिहिलं होतं. हे खोटं आहे."

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्ही चुकीचे पत्ते लिहीत होतात?"

मनात देवाचं नाव घेतलं, जसं फोन उचलताना घेते. म्हणाले, "हो. सतरा वर्षं. चुकीचे आहेत हे त्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं."

"मग आता यांचे नवे आकडे तरी खरे कशावरून?" बाजाराचे प्रतिनिधी म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं.

ती म्हणाली, "पूर्ण खरे नसतीलच. पण हे आकडे कुठे चुकू शकतात ते मला आता माहीत आहे, आणि ते मी शेवटच्या पानावर लिहिलंय. पहिल्या वेळी ते पान नव्हतं."

मग तिने जे मागितलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. सातवी गाडी नको. कुठेच नको. टेकडीजवळच्या नाक्यावर ती उभी केली तर आठाची पाच मिनिटं होतील आणि रिकामी गाडी तीन मिनिटं जास्त वाट बघेल. तेवढ्याच खर्चात टेकडीच्या मध्यावर एक खोली, पायऱ्यांवरून पेशंटला उतरवायच्या चाकांच्या दोन खुर्च्या, ऑक्सिजन, आणि पाळीपाळीने बसणारी वस्तीतलीच शिकवून तयार केलेली माणसं. वेळ मोजायचा तो गाडी पोहोचेपर्यंतचा नाही, पेशंटला पहिला हात लागेपर्यंतचा.

"याने किती जीव वाचतील?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"वर्षाला चार ते नऊ, असा अंदाज."

"चार की नऊ?"

"मला माहीत नाही. आणि टाकीपाशी गाड्या कमी अडकतील, तो फायदा बाजारालाही मिळेल, पण सातवी गाडी मिळाली असती तर त्यांच्याकडे सरासरी चाळीस सेकंद लवकर पोहोचली असती. ते चाळीस सेकंद मी त्यांच्याकडून मागते आहे. तेही लिहिलंय."

बाजाराचे प्रतिनिधी ‘चाळीस सेकंद’ हे शब्द तोंडात घोळवत असावेत. मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली आहेत, घाबरलेली, रडणारी, फोनवर देवाची शपथ घालणारी. पण आपल्याला काय माहीत नाही हे इतक्या सरळ सांगणारं आणि तरीही मागणं न सोडणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. उठून नकाशापाशी गेल्या आणि त्या भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाल्या, "एक वर्ष करून बघू. वर्षाने तुम्हीच येऊन मोजायचं."

"मी नसेन. करार संपतोय," ती म्हणाली.

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी टेबलाकडे. त्यावर त्या दिवशी काही ठरलं नाही आणि नंतरही नाही. करार संपला तेव्हा ती दुसऱ्या शहरात गेली. तिथे म्हणे पाण्याच्या नळांचं काम आहे. जाताना तिने नोंदीच्या पडद्यावर दोन रकाने वाढवून दिले. एक, पेशंट कुठे आहे. दुसरा, हात कधी लागला, आणि त्यासाठी एक बटण. मामांना म्हणाली, "मामा, आता बटण आहे." मामांनी खिशातून एक टाचणी काढून तिला दिली. टाचण्यांचा ढीग पडला त्या दिवशी तिच्याकडून आवारात सांडलेली, त्यांच्या बुटात घुसलेली. त्यांनी जपून ठेवली होती, तिला बोल लावायला म्हणून. "तुमची आहे," एवढंच म्हणाले.

टेकडीवरची खोली सुरू झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला पहिला फोन आला. एका बाईच्या नवऱ्याला धाप लागली होती. माझ्या तोंडात ते जुनं वाक्य अगदी दाताशी आलं. सतरा वर्षांची सवय. मी ते गिळलं आणि म्हणाले, "त्यांना हलवू नका. तिथेच बसवा. माणसं येताहेत." आणि पत्त्यात लिहिलं, एकशे एकविसावी पायरी, उजवीकडे निळं दार. चौथ्या मिनिटाला हात लागल्याची नोंद पडली.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी नेहमीसारखी दोनच्या आधी टाकीवरून जात होते. कट्टा रिकामा होता. मामी नव्हत्या, म्हातारी माणसं नव्हती, पिशव्या नव्हत्या. धावतच कामावर आले. मामा आवारात गाडीचं पाणी बघत होते.

"मामा, मामी कुठे आहेत? कट्ट्यावर कुणीच नाही."

मामांनी बॉनेट खाली केलं. माझ्याकडे बघितलं, मला काय वाटलं असेल ते त्यांना कळलं असावं.

"घरी आहे," ते म्हणाले. "जेवून झोपली असेल. आता कशाला खाली येईल ती?"

मी वर जाऊन खुर्चीत बसले. कोपऱ्यातल्या भिंतीवर, नकाशा होता तिथे, गिलावा निघालेली जागा अजून तशीच आहे. साहेब दोनदा म्हणाले, बुजवून घेऊ. मी म्हटलं, राहू द्या. फोन वाजला. मी देवाचं नाव घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्याच श्वासात तिचंही.